शेरडं कुणाकडं ठेवली?

पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा असला की मी गोष्ट बाजूला ठेवते आणि आधी नकाशात शिरते. कल्पित देशांचे नकाशे बहुतेक एका वळणाचे असतात. वर उत्तरेला बर्फाचे डोंगर, मधून वाहणारी एक नागमोडी नदी, डाव्या कोपऱ्यात समुद्र, त्यात एखादं शिडाचं गलबत, आणि ज्या रानात जायला नायकाला सगळे मना करणार आहेत ते रान चांगल्या ठसठशीत अक्षरांत. मी नदीवर बोट ठेवून मागे मागे जाते. ही उगवते कुठे, राजधानीला धान्य कुठून येतं, मीठ कुठल्या घाटाने वर चढतं? भाचीला याची गंमत वाटते. ‘मावशी, तू मागच्या जन्मी तलाठी असणार,’ असं ती म्हणते. असेनही. पण ज्या राज्याच्या नकाशात एकही शेत नाही, तिथल्या लाखभर फौजेवर माझा काही केल्या विश्वास बसत नाही. ड्रॅगनवर बसतो, फौजेवर नाही.

भाची सतरा वर्षांची. तिची वाचून झालेली पुस्तकं आमच्या तळेगावच्या घरी येतात आणि मग मी ती वाचते. आमच्या लहानपणी पुस्तकं थोरल्यांकडून धाकट्यांकडे यायची. आता हा ओघ उलटा झाला आहे, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. पर्सी जॅक्सन मला तिच्यामुळे भेटला, ‘हंगर गेम्स’ही. मधेच कधीतरी ती आरू शाहची पुस्तकं घेऊन आली. रोशनी चोक्शी या लेखिकेने २०१८ पासून लिहिलेल्या या मालिकेत पांडवांचे आत्मे आजच्या मुलींच्या रूपाने पुन्हा जन्म घेतात. भाचीने ती हसत हसत संपवली. मी वाचताना आधी जरा अवघडले आणि मग मीही हसले. आपलीच माणसं परदेशी शाळेच्या गणवेशात भेटली की पहिली दोन-चार पानं ओळख पटायला जातातच.

पावसाळ्यात पुण्याहून सुटलेली लोणावळा लोकल देहूरोड सोडलं की सैलावते. बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे. भाजीच्या रिकाम्या पाट्या, कॉलेजच्या सॅक, टपटपणाऱ्या छत्र्या. या डब्यात अलीकडे जाडजूड पुस्तकं दिसतात, कडा रंगवलेली, कव्हरवर सोनेरी वर्ख. मोबाइल बाजूला ठेवून एखादी मुलगी तळेगाव ते मळवली मान वर करत नाही, तेव्हा मला उगाचच तिचा अभिमान वाटतो. रिबेका यारोस यांचं ‘फोर्थ विंग’ मी असंच पहिल्यांदा कुणाच्या तरी हातात पाहिलं. ते आलं २०२३ साली. लिहिलं आहे मोठ्यांसाठी, पण वाचतात सोळा-सतराच्या मुली, आणि त्यांना कोण अडवणार? ड्रॅगनवर स्वार होण्याचं शिक्षण देणारं एक युद्धविद्यालय आहे. प्रवेशाच्या दिवशी उंचावरच्या एका अरुंद दगडी कठड्यावरून चालत पलीकडे जायचं. पडलात तर मेलात. पोचलात तर प्रवेश पक्का.

हे वाचताना मला हसू आलं, कारण त्या आठवड्यात अकरावी प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागायची होती. शेजारणीचा मुलगा रात्री दोनपर्यंत वेबसाइट ताजी करत बसलेला. विचार करता लक्षात आलं की या सगळ्या पुस्तकांत कुणीतरी कुणाला तरी निवडत असतं. टोपी निवडते, चिठ्ठी निवडते, ड्रॅगन निवडतो, भविष्यवाणी तर जन्माआधीच निवडून मोकळी होते. दुनियाभरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना हा विषय एवढा जवळचा का वाटावा, हे समजायला मानसशास्त्र नको, जुलै महिन्यातलं पुणे पुरे. हॅरी पॉटरच्या डोक्यावरची टोपी निदान त्याला काय नको हे ऐकून तरी घेते. आमच्याकडे पसंतीक्रम भरावा लागतो आणि तो एकदा भरला की त्या फेरीपुरता बदलता येत नाही.

ही पुस्तकं वाचताना माझी आवड हळूहळू एका जागी येऊन थांबली. जादू कितीही मोठी असो, ती उभी राहायला पायाखाली ओळखीची जमीन लागते. लेखकाला तिथलं गवत माहीत असलं पाहिजे. पाऊस कुठल्या बाजूने येतो, चूल कशावर पेटते, चिखलात कुठला जोडा रुततो, हे माहीत असलं की मग त्याने आकाशात तीन चंद्र टांगले तरी मी मान्य करते. आजच्या पुष्कळशा नव्या फँटसीत नेमकं हेच गळतं. महाल आहेत, खंजीर आहेत, शत्रूवर जडलेलं प्रेम आहे, सुडाची शपथ दर तीस पानांनी आहे. पण सातशे पानांत कुणाला सर्दी होत नाही. पात्रं सतत प्रवासात, आणि भाकर कुणी बांधून दिली ते कळत नाही.

सुझन कॉलिन्स यांचं मात्र तसं नाही. ‘हंगर गेम्स’ २००८ साली आलं, आणि त्यातली टीव्हीवर चालणारी मुलांची कत्तल सगळ्यांच्या लक्षात राहिली. माझ्या लक्षात राहिली ती कॅटनिसची झोळी. बाप खाणीत मेलेला, आई खचलेली, आणि ही पोर कुंपणाखालून सरपटत रानात जाते, कंद उकरते, पाला ओळखते, सापळे लावते. तिचं नावच एका पाणवनस्पतीचं आहे आणि त्या वनस्पतीचे कंद खाता येतात. पुढे ती रिंगणात टिकते, त्यात नेमबाजीचा वाटा आहे, पण रानातल्या शहाणपणाचा वाटा कमी नाही. कॉलिन्स या मालिकेकडे पुन्हा पुन्हा येतात. २०२० मध्ये एक पुस्तक झालं, २०२५ मध्ये आणखी एक, आणि प्रत्येक वेळी भूक हीच गोष्टीची खरी खलनायिका असते.

मृग लागून आठ-पंधरा दिवस झाले की कामशेतच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बाया रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा, शेवळं. प्लास्टिकच्या गोणपाटावर जुड्या मांडलेल्या, वर पानांचं झाकण. एकदा एका बाईशेजारी तिची दहा-बारा वर्षांची मुलगी बसली होती. मी शेवळाची जुडी उचलली तशी ती म्हणाली, ‘काकडं घ्या संगं, न्हाईतर घसा खाजंल.’ शेवळं काकडाच्या फळांशिवाय शिजवायची नाहीत, हे माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी शिकवलं. त्या पोरीला ते येत होतं, कुठल्या उतारावर काय उगवतं तेही येत होतं, आणि हे सगळं ती कुठल्याही परीक्षेत लिहू शकणार नव्हती. तिच्या हातात कॅटनिसची गोष्ट पडली तर तिला काय वाटेल, हा विचार पिशवी घेऊन स्टेशनवर येईपर्यंत माझ्या डोक्यात होता. बहुधा ती चुका काढेल. हा कंद अशा जागी येत नाही म्हणेल.

मराठीत अशी गोष्ट का नाही, असा प्रश्न मला लोक विचारतात, आणि विचारताना त्यांचा चेहरा असा होतो की आता मी मान डोलवून हळहळ व्यक्त करावी. मला ते जमत नाही. आपली कादंबरी सुरुवातीच्या काळात अद्भुतात डोकं बुडवून होती. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पुढे शहाण्या लोकांनी कादंबरीला वास्तवाची शिस्त लावली, ते बरंच झालं, पण अद्भुताला तेव्हापासून मुलांच्या खोलीत पाठवून दिलं ते दिलंच. तिथे त्याचं बरं चाललं होतं. नाथमाधवांचा ‘वीरधवल’ होता, १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’ येत होता, आणि वेताळ दर महिन्याला नवा प्रश्न घालून झाडावर परत जात होता. १९७१ साली बालभारतीने ‘किशोर’ काढलं. नारायण धारपांनी मोठ्यांना झोपू दिलं नाही, आणि मोठ्यांची पुस्तकं चोरून वाचणाऱ्या आम्हा मुलांनाही नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून पुणं पालथं घालत होता. तो जादू करत नसे, पण त्याच्या वाटेतली प्रत्येक गल्ली खरी होती, आणि म्हणून त्याचे अशक्य पराक्रम आम्ही निमूटपणे मान्य केले.

अडचण आहे ती तेराव्या वर्षानंतर. फास्टर फेणे संपतो आणि समोर थेट ‘मृत्युंजय’ येतं, ‘स्वामी’ येतं. मधला टप्पाच नाही. ज्या वयात घरच्यांशी पटत नाही, आरशाशी पटत नाही, देवावर राग येतो, त्या वयाने कर्णाच्या दुःखावर भागवायचं. अलीकडे थोडी हालचाल दिसते. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला २०१७ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणाखाली जाणाऱ्या गावातल्या एका मुलाचं ते जग. २०२४ चा पुरस्कार भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीला मिळाला. टॉल्किनचं अवाढव्य त्रिखंड मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून मराठीत आणलं, हे काम मी तर जिद्दीच्या जोरावर केलेली चढाईच मानते. पण दुकानात जाऊन सतरा वर्षांच्या मुलीसाठी मराठी फँटसी मागितली की काउंटरवरचा माणूस अजूनही मला पौराणिक कादंबऱ्यांच्या मांडणीकडे घेऊन जातो. तोही बिचारा काय करणार?

आता थोडं तळेगावचं. गो. नी. दांडेकर आमच्या तळेगाव दाभाड्याचे. जन्माने नव्हे, वस्तीने. या गावाला वळसा घालून पसरलेले तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर, राजमाची हे त्यांच्या पायाखालचे. ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंगाच्या परिसरात घडते, ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर. बुधा मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचला आणि मला तो कंटाळवाणा वाटला होता. एक म्हातारा शहर सोडून माचीवर येतो, झाडापाखरांत राहतो, बाकी काही होत नाही. एवढी फँटसी पचवल्यावर परत वाचला तेव्हा कळलं की ही जादूशिवायची जादूची गोष्ट आहे. परीकथेत जसं पशुपक्षी माणसाशी बोलतात, तसंच इथेही सगळं त्याच्याशी बोलतं, फक्त लेखकाने ते जादू म्हणून जाहीर केलेलं नाही. भाचीला दिला. तिने अर्ध्यावर परत आणला. ‘मावशी, हा कधी कुणावर चिडणार आहे की नाही?’ तिचंही बरोबर आहे. सतराव्या वर्षी शांती वाचवत नाही. तिला राग हवा आहे, आणि आजची ही इंग्रजी पुस्तकं तिला तो मुक्त हस्ते देतात. मोठ्या माणसांनी जग नासवलं आहे, ही एक गोष्ट त्या सगळ्या पुस्तकांना ठाऊक असते. शेवट गोड असेलच याची खात्री देत नाहीत, जिवलग माणूस मधेच मरतं, जिंकूनही घरी परत जाता येत नाही. आमच्या वेळच्या कुमारकादंबरीत पाहुणे यायच्या आत सगळं आवरलेलं असायचं. हे आवरणं नव्या पुस्तकांनी सोडलं, ही त्यांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

मळवलीला उतरून एक्स्प्रेस वे ओलांडला की पाऊण तासात भाज्याच्या लेण्यांत पोचता येतं. पायऱ्या दमवतात. बहुतेक लोक मोठ्या चैत्यगृहात फोटो काढून माघारी फिरतात. आणखी पुढे टोकाला एक विहार आहे, त्याच्या ओसरीत उजव्या अंगाला एका दाराच्या दोन्ही बाजूंना दोन शिल्पं आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली म्हणतात. एकीकडे चार घोड्यांचा रथ, रथात दोन स्त्रियांसह बसलेला पुरुष, आणि रथाखाली चिरडत चाललेला अक्राळविक्राळ देह. सूर्य असावा, असं बहुतेकांचं मत. दुसरीकडे एक प्रचंड हत्ती सोंडेने झाड मुळापासून उपटून नाचवतो आहे, वर बसलेला इंद्र असावा. पण माझा डोळा प्रत्येक वेळी जातो तो हत्तीच्या पायांशी. तिथे खूप लहान आकाराची माणसं आहेत. कुणी वाद्य वाजवतो आहे, कुणी नाचतो आहे. वर एवढा उत्पात चाललेला, आणि खाली यांची मैफल मोडलेली नाही. कोरणाऱ्याने देवाएवढीच मेहनत त्या वाजवणाऱ्याच्या बोटांवर घेतली आहे. जवळच्या अर्धस्तंभावर स्त्रीचं धड आणि गाईचं अंग असलेले प्राणी पाठीला पाठ लावून बसले आहेत. भाचीने ते पाहून मोबाइल काढला आणि मग खिशात ठेवला. ‘हे कुणाच्या पुस्तकातलं आहे?’ तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. त्या गोष्टीची संहिता कुणाला नीट ठाऊक नाही, तज्ज्ञ अजून वाद घालतात. म्हणजे आपल्या दारात एका फँटसीची चित्रं शिल्लक आहेत आणि मजकूर हरवला आहे. यावर कुणीतरी लिहायला हवं होतं एव्हाना.

तसं मावळात गोष्टींना तोटा नाही. जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा एक हात काढून नाणं टाकतात. शिंग्रोबा हा धनगर. घाटातून वाट कशी काढावी हे साहेबाला कळेना, ती यानेच दाखवली, बक्षीस काय हवं विचारल्यावर आमचं राज्य आम्हाला परत दे म्हणाला आणि साहेबाने गोळी घातली, अशी आख्यायिका. इतिहासाच्या पुस्तकात १८६३ साल आहे, या घाटातून रेल्वे वर आली ते. मजूर किती मेले ते सांगताना पुस्तकं गुळमुळीत होतात. गोष्टीने मात्र एक माणूस धरून ठेवला आणि त्याला देव केलं. आणि पवना धरणात वाघेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगडी अंग घेऊन वर येतं आणि लोक होडीने नाही तर चालत दर्शनाला जातात. एखाद्या कादंबरीकाराने हे कल्पनेने रचलं असतं तर आम्ही त्याची पाठ थोपटली असती. इथे ते पाटबंधारे खात्याच्या कृपेने दरवर्षी घडतं, आणि धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या ती माणसं त्यात काही अद्भुत बघत नाहीत.

अंदर मावळातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अधूनमधून गोष्टी सांगायला जाते. पाचवी ते सातवीची मुलं, एकाच वर्गात. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ची गोष्ट माझ्या शब्दांत सांगायला घेतली. पुस्तक १९६८ चं आहे, नव्यातलं नव्हे, पण आजच्या कितीतरी जादूशाळांचं मूळ घर तेच. ले ग्विन यांनीही आधी नकाशा काढला होता, बेटांचा, आणि मग त्या बेटांवर काय काय असेल ते शोधत गेल्या. नायक गेड हा डोंगराळ बेटावरचा शेरडं राखणारा पोरगा, तांबूस काळ्या रंगाचा. त्याची मावशी गावची चेटकीण. तिच्याकडून तो पहिला मंत्र शिकतो तोही शेरडांना हाक मारण्याचा. मी इथवर आले तेव्हा मागच्या बाकावरचे दोघे हळूच हसले. नंतर कळलं, घरी शेरडं त्यांच्याकडेच असतात.

मग गावावर शत्रू चालून येतात आणि बारा वर्षांचा गेड धुकं विणून त्यात गाव लपवतो. शत्रू धुक्यात वाट चुकतात, कड्यावरून कोसळतात. हे समजावून सांगायची मी तयारी करून गेले होते. गरजच पडली नाही. खिडकीबाहेर तेव्हा शाळेचा हातपंपही दिसत नव्हता. ‘उंबरखिंडीत आसंच केलं व्हतं,’ एकाने सांगितलं. १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज इथूनच, कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली आणि शिवाजी महाराजांनी तिला रानात गाठलं, हे त्यांना तारखेसकट येत होतं. ती लढाई फेब्रुवारीत झाली, तेव्हा धुकं नसणार, असं मी म्हणून बघितलं. ‘झाडी तर व्हती,’ तो म्हणाला, आणि विषय संपला. मधेच पत्र्यावर पाऊस एवढा वाजायला लागला की माझं बोलणं पहिल्या ओळीलाही ऐकू जाईना. मग आम्ही सगळे नुसते बसून राहिलो. बाईंनी तेवढ्यात हजेरी उरकली.

पाऊस ओसरल्यावर मी पुढे सांगितलं. मोठा जादूगार येतो, गेडला त्याचं खरं नाव देतो आणि आपल्याबरोबर घेऊन जातो. माझ्या मते हा गोष्टीतला सर्वांत भारलेला क्षण. मी आवाज खाली आणला. तेवढ्यात मागून प्रश्न आला, ‘मग शेरडं कुणाकडं ठिवली त्यानं?’

मी थांबले. वर्गात या प्रश्नावर कुणी हसलं नाही, कारण तो प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. ‘बापाकडं,’ एक जण म्हणाला. बाप लोहारकाम करतो, मी आठवण करून दिली. ‘मग मावशीकडं. चेटकीण आसली म्हणून काय झालं?’ त्यावर एका मुलीने शंका काढली की चेटकिणीने पिळलेलं दूध टिकेल का. दुसरीने तिला गप्प केलं. वीस मिनिटं हाच वाद चालला आणि मी त्यात बोलले नाही. निवड झालेला एक जण जादूगाराबरोबर निघून गेला की मागे राहिलेलं काम कुणाच्या गळ्यात पडतं, याचा विचार एवढ्या सगळ्या जाड पुस्तकांत मी क्वचितच वाचला आहे. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांची थोरली भावंडं चाकणला किंवा तळेगावच्या एमआयडीसीत कामाला गेली आहेत. त्यांची शेरडं कुणीतरी राखतंच आहे.

पुढच्या वेळी गेले तर तिढा सोडवून ठेवलेला होता. मागच्या बाकावरच्याने सांगितलं, गेडला एक धाकटी बहीण होती, ती पुस्तकात लिहायची ऱ्हायली. शेरडं तिनं राखली. आणि मंत्र तिलाही येत होता, फक्त तिला न्यायला कुणी आलं नाही. मी ती बहीण तशीच ठेवली. आता गोष्ट सांगताना ती माझ्याही तोंडात बसली आहे आणि इंग्रजी पुस्तक उघडलं की तिची अनुपस्थिती जाणवते. ले ग्विन यांनी पुढे उतारवयात अर्थसीच्या बायकांकडे वळून नवी पुस्तकं लिहिली. या वर्गाशी त्यांचं जमलं असतं.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली आणि मग तिने एक वही काढली. मला माहीत नव्हतं, पण ती स्वतः लिहिते आहे. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, मधे मधे फुल्या. गोष्टीत ड्रॅगन आहे आणि तो नागफणीच्या सुळक्यात राहतो. नकाशा मी आधी पाहिला, हे सांगायला नकोच. इंद्रायणी कुरवंड्यापासून नीट काढली होती. भाताची खाचरंही होती, आणि वडगावच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘इथे इंद्रायणी तांदूळ’ असं लिहिलेलं. मला बरं वाटलं.

पण पहिल्याच प्रकरणात आम्ही अडलो. पावसाळ्यात ड्रॅगनने आग ओकायची कशी? लोणावळ्यात जून ते सप्टेंबर काडी पेटत नाही. मी सुचवलं, चार महिने त्याला खाली कोकणात उतरवू. तिथे तरी कुठे कोरडं असतं, तिने विचारलं, आणि शिवाय एकदा उतरला की तो कोकणचा ड्रॅगन होणार, मग गोष्ट त्यांनी लिहावी, आपण कशाला? तिने दुसरा तोडगा काढला. पावसाळ्यात त्याचा धूर आणि घाटातलं धुकं कुणाला वेगळं ओळखताच येणार नाही, म्हणजे त्याला लपायला हाच काळ उत्तम. एरवी ठीक, मी म्हटलं, पण शनिवार-रविवारचं काय? भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असते आणि सगळ्यांचे मोबाइल वर धरलेले. तिचं म्हणणं, पर्यटक त्याच्याबरोबर सेल्फी काढतील आणि तो वैतागून राजमाचीकडे उडून जाईल. माझं म्हणणं, त्याआधी सुळक्याखाली पार्किंगचे पैसे कुणी घ्यायचे यावरून भांडण लागेल आणि खरं प्रकरण तिथून सुरू होईल. ते कुणाच्या बाजूने लिहायचं यावर आमचं अजून जमलेलं नाही.